बरणीतलं दव

१

"बरणीला घाम आलाय," ती फोनवर म्हणाली. "सील शाबूत आहे, कपाटाला कुलूप होतं, आणि आत पाणी आहे. तू येतोस का?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत तिनं मला 'येतोस का' असं फक्त दोनदा विचारलं होतं. एकदा तिच्या लग्नाच्या वेळी आणि एकदा तिचा नवरा गेला त्या दिवशी. दोन्ही वेळा मी मिळेल ती पहिली गाडी पकडली होती, आणि दोन्ही वेळा गाडीत बसल्यावर वाटलं होतं की हिनं कधीतरी काही घडलेलं नसताना बोलवावं. याही वेळी तेच वाटलं. वय झालं म्हणून माणूस सुधारतो असं काही नाही.

मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासत असे. गोदाम आपण होऊन पेटलं की मालकानं पेटवलं, हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तिचा नवरा माझा कॉलेजातला दोस्त. माझ्या धंद्यावरून तो मला शंकासुर म्हणायचा. ते नाव त्या घरात अजून चालतं. बाहेर लोक मला नाव देत नाहीत, नुसती नावं ठेवतात.

त्या दोघांनी गावाबाहेर कचऱ्यावर वीज तयार करायचा कारखाना काढला होता. कचरा म्हणजे पिकाचा भुसा, काड्या, शेंगांची टरफलं, एरवी लोक शेतातच पेटवून देतात तो माल. तो भट्टीत कोंडून तापवायचा, निघालेल्या गॅसवर इंजिन चालवायचं आणि इंजिनावर वीज. शेजारचं शीतगृह आणि पलीकडचे यंत्रमाग त्याच विजेवर चालत. अशा कारखान्यांसाठी सरकारनं अनुदान काढलं होतं. काढलं होतं, दिलं नव्हतं.

अनुदानासाठी सरकारी निरीक्षक येऊन भुशाचा नमुना घेतो. काचेच्या दोन बरण्या भरतो, सगळ्यांसमोर सील करतो. एक प्रयोगशाळेत जाते, दुसरी मालकाकडे राहते. पुढे वाद झालाच तर ताडून बघायला. भुशात मर्यादेबाहेर ओल निघाली की अर्ज बाद, पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. तिचा अर्ज असा तीनदा बाद झाला होता. उन्हावर वीज करणाऱ्या सौर पाट्यांना मंजुरी झटकन मिळते, कारण ऊन बरणीत भरून तपासायला नेता येत नाही. अनुदान मंजूर नाही म्हणून बँक कर्ज देत नव्हती, आणि कर्ज नाही म्हणून म्हातारं इंजिन बदलता येत नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी चौथा नमुना घेतला गेला होता. हा शेवटचा. महिनाअखेरीला योजनाच गुंडाळणार होते. या वेळीही नापास झालं तर कारखाना वखारवाल्या शेठना विकायचा, असं तिनं आपल्या दिराला कबूल केलं होतं.

मी पोचलो तेव्हा ती ऑफिसच्या खिडकीशी बरणी हातात धरून उभी होती. केस पार पांढरे झाले होते. ते तिला शोभत होते, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. अशी वेळ मला कधीच सापडली नाही.

"रात्री थंडी पडली म्हणून दिसलं तरी," ती म्हणाली. "काल भुसा खडखडीत कोरडा होता. मी स्वतः मीटर लावून बघितलं."

बरणीच्या गळ्याला आतून बारीक थेंब धरले होते. वरचं लाखेचं सील आणि दोरा जिथल्या तिथे होता. मी विचारलं की कपाटाच्या किल्ल्या किती.

"दोन. एक माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागली. दारात तिचे दीर उभे होते.

२

दीर म्हणजे सरळ माणूस. सरळ माणसं फार लवकर चिडतात. संशय आपल्यावर आहे हे कळल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर आपटली आणि मला बाहेर घेऊन गेले.

कारखाना विकायचाच आहे, हे त्यांनी लपवलं नाही. दादा गेला, त्याचा हट्ट वहिनीनं डोक्यावर घेतला, आता ती त्या इंजिनाबरोबर झिजतेय, असं त्यांचं म्हणणं. पण विकायचा म्हणजे तिनं आपण होऊन सोडायला हवा, भुशात पाणी घालून तिला हरवायचं नाही. एवढं बोलून ते जरा निवले आणि मग एक गोष्ट म्हणाले ती मी लक्षात ठेवली. शेजारच्या तेलगिरणीच्या बॉयलरचा नमुना पहिल्या फटक्यात पास झाला होता. भुसा एकाच ट्रकवाल्याचा, निरीक्षक एकच, हवा तीच. वहिनीच्याच नशिबाला ओल लागली होती.

त्यानंतर मी भट्टीवर गेलो. भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो सगळ्यांना रागावतो म्हणून हे नाव पडलं. अनुदान मिळालं की भट्टीत भुसा टाकणारं यंत्र येणार होतं आणि मास्तरचं निम्मं काम जाणार होतं. मी ते आडून आडून विचारत होतो, तर त्यानं मला मध्येच तोडलं.

"ताईंचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "यंत्र आल्यावर मला कोण विचारणार, असं रोज वाटतं. दोन्ही खरं आहे. आता काय लिहायचं ते लिहा."

बरण्या त्यानंच भरल्या होत्या. ढिगाच्या पोटातून भुसा काढला, परातीत कालवला, सगळ्यांसमोर ओंजळीनं भरला. त्याआधी निरीक्षकसाहेबांनी बरण्या उलट्या करून तळहातावर आपटून दाखवल्या, थेंबही पडला नाही. झाकणं साहेबांनी आपल्या पेटीतून काढून स्वतः लावली, कारण सील करणं हे त्यांचं काम. इथपर्यंत सगळं नियमाला धरून होतं.

तेवढ्यात वखारवाले शेठ भेटायलाच आले. म्हणजे कुंपणाची भिंत टेपनं मोजत होते, मला बघून टेप खिशात घातली. गोड माणूस. असा गोड माणूस समोर आला की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. ते आदल्या दिवशी इकडे फिरकलेच नव्हते, दिवसभर वखारीत होते, आणि ते खोटं असतं तर अर्ध्या गावानं मला सांगितलं असतं. तरी मी त्यांना सरळ विचारलं.

"मी कशाला पाणी घालू?" शेठ शांतपणे म्हणाले. "सरकार असताना माझी काय गरज? मी नुसता बसून राहिलो तरी कारखाना माझ्याकडे चालत येतोय."

ते निघाले, पण चार पावलं जाऊन परत वळले.

"साहेब, तुम्ही कपाटातली बरणी बघितलीत," ते म्हणाले. "निरीक्षकाकडची बघितलीत का?"

३

निरीक्षक विश्रामगृहात उतरला होता. दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या गावी आणखी एका कारखान्याचा नमुना घ्यायचा होता, मग दोन्ही घेऊन प्रयोगशाळेत जायचं.

पन्नाशीचा, सडपातळ माणूस. शर्टाला स्वतः इस्त्री करणाऱ्याची इस्त्री होती, पुढून कडक आणि पाठीवर सुरकुत्या. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक कप. मला बसायला खुर्ची देऊन तो खाटेच्या कडेवर बसला. मी तिचा जुना स्नेही आहे, चौकशीला आलोय, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. अपराधी माणसाचा चेहरा उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून मी त्याला मनातून जवळजवळ सोडून दिलं.

त्यानं तिच्याबद्दल विचारलं. चष्मा बदलला का, कारण काल सही करताना कागद लांब धरत होत्या. सकाळी काही खाल्लं का, कारण नमुना गेल्यावर दुसऱ्या दिवशीसुद्धा त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. इंजिनाचा आवाज बदललाय, त्यांना सांगा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिला ओळखणारा, आणि हा परका माणूस मला तिची खबर देत होता. मला त्याचा राग आला. आपल्या रागाचं कारण आपल्याला माहीत असलं तरी तो राग कमी होत नाही.

मी बरणी बघायला मागितली. त्यानं आढेवेढे न घेता पेटी उघडली. तिच्या बरणीच्या गळ्याला आतून तसेच थेंब होते.

पेटीत उद्याच्या गावासाठी रिकाम्या बरण्या होत्या. मी त्यातली एक उचलून झाकण फिरवलं. झाकणाच्या आत जाड लोकरी कापडाची चकती बसवलेली असते, हवा आत जाऊ नये म्हणून. ती पांढरीफटक होती, बोटाला खरखरीत लागली. निरीक्षकानं ते झाकण माझ्या हातातून अलगद घेतलं, परत लावलं आणि पेटी बंद केली. म्हणाला, हात लागला की पुन्हा वाळवावं लागतं.

परत येताना मी रस्ताभर हिशेब मांडला. दोन्ही बरण्यांना सारखाच घाम होता. दोन्ही बरण्या सील केल्यापासून वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या कुलपात होत्या. म्हणजे कपाटाकडे कोणी गेलंच नव्हतं, आणि दिरांची किल्ली निर्दोष होती. ज्यानं कोणी हे केलं त्यानं ते सील लागायच्या आधी, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलं होतं.

४

तिनं जेवायला वाढलं होतं. पाहुण्याला वाढतात तसं सगळं मांडून नाही. दोन ताटं, मध्ये भांडं, घ्यायचं तेवढं घ्या. मला ते फार आवडलं आणि मी नको इतकं जेवलो.

हात धुऊन मी कपाटातली बरणी मागितली आणि खिडकीच्या उजेडात हळूच आडवी केली. तळाचा भुसा सुटा होता, बरणी कलली तशी सरसरत खाली आला. वरच्या भागात मात्र भुसा गोळा होऊन काचेला चिकटून राहिला. मी ते तिला दाखवलं. ती इंजिनीअर. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"ढीगच ओला असता तर सगळी बरणी सारखी दमट झाली असती," ती म्हणाली. "वरून पाणी ओतलं असतं तर ते तळाला साचलं असतं."

"मास्तरनं परातीत पाणी शिंपडलं असतं, तरी ते कालवताना सगळीकडे गेलं असतं. शेठ तर जवळपासही नव्हते."

"म्हणजे ओल वरून आली. पण ओतल्यासारखी नाही. हळूहळू."

मी बरणी तिच्या डोळ्यांसमोर धरली. गळ्यापाशी काचेतून झाकणाच्या चकतीची कड दिसत होती. ती काळपट होती. सकाळी विश्रामगृहात बघितलेली चकती पांढरी होती. मी तिला तेवढंच सांगितलं. भिजलेली चकती झाकणात बसवली तर बाहेरून काही कळत नाही. भुसा म्हणजे हलका माल, मूठभर भुशाला चमचाभर पाणी नापास करतं. चकतीतलं पाणी सावकाश भुशात उतरतं, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळं सरकारी नियमाप्रमाणे ओलं झालेलं असतं. तिथे बरणी उपडी करतात, भुसा कालवतात, ओल मोजतात. ओल कुठून आली हे विचारायचा रकाना नसतो.

तिनं बरणी माझ्या हातातून घेतली आणि चकतीची कड स्वतः बघितली.

"झाकणं निरीक्षक आणतात," ती म्हणाली.

"हो. आणि उद्याच्या गावाची झाकणं त्यानं नीट वाळवलीत."

"पण का? त्यांनी आजवर माझ्याकडे एक पैसा मागितला नाही. आवाज चढवला नाही. शेठचं तोंड बघितलं नाही. मी बुडाले तर त्यांना काय मिळतं?"

माझ्या धंद्यात फायदा सापडला नाही तर आरोप उभाच राहत नाही.

५

मी म्हणालो, "याला अजून एखादा दिवस लागेल. राहावं लागेल मला."

बोललो आणि मनातून इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. दिवस लागणार नव्हता. निरीक्षकाला बोलावून समोरासमोर विचारलं की काम संपत होतं. पण काम संपलं की संध्याकाळची गाडी होती, आणि घरी एक कप, एक ताट. उद्या सकाळी ती इंजिन सुरू करताना मी तिथे असेन, तिच्या हातचा चहा मिळेल, ती 'शंकासुरा' म्हणून हाक मारेल. एवढ्यासाठी मी तिचा गुंता एक दिवस ताणायला तयार झालो होतो. बाई रोज मरणाच्या काळजीत, आणि मी तिच्या काळजीवर मुक्काम वाढवत होतो.

आणि तिथेच मला निरीक्षकाचा फायदा सापडला.

मी तिला विचारलं की तो किती वेळा येतो. नियमाप्रमाणे एका अर्जाला एक पाहणी आणि एक नमुना. ती आठवून आठवून सांगायला लागली. नमुन्याआधी पाहणी, पाहणीआधी पूर्वपाहणी, नापास झाल्यावर कारणं समजावून सांगायला एक खेप. नवरा आजारी असताना तर त्याला बघायलाही. आल्यावर काय करतो? चहा घेतो. इंजिनाच्या खोलीबाहेर बाकावर बसून आवाज ऐकतो. मास्तरला मुलांचं शिक्षण विचारतो. जाताना म्हणतो, पुढच्या खेपेला होईल.

"तेलगिरणीत किती वेळा गेला?"

"एकदाच. पास झाले ना ते."

ती बोलता बोलता थांबली. मग उठून फोनपाशी गेली आणि निरीक्षकाला या म्हणाली. तिनं कारण सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तो लगेच निघाला.

६

तो आला तेव्हा दीर आणि मास्तर बाहेर होते, आत आम्ही तिघंच. तिनं चहा केला नाही. ते त्याच्या लक्षात आलं, कारण तो खुर्चीत टेकलाच नाही, उभा राहिला.

मी बरणी आडवी करून दाखवली. सुटा तळ, चिकटलेला वरचा भाग, काळपट चकती. मग त्याच्या पेटीतल्या पांढऱ्या चकतीबद्दल बोललो. तो ऐकत होता. मधे एकदाही नाही म्हणाला नाही.

"पहिल्यांदा खरंच चुकून झालं," तो म्हणाला. "झाकणं धुतल्यावर चकत्या काढून उन्हात वाळवाव्या लागतात. ते मीच करतो. त्या वेळी घाई होती, राहून गेलं. निकाल आल्यावर मला कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग पुढच्या हंगामात पुन्हा इकडे यायचं ठरलं. त्यानंतर मी काही केलं नाही."

"काही केलं नाही?" मी विचारलं.

"वाळवल्या नाहीत. एवढंच."

"का?" ती म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता बोलायला लागला. बदलीची नोकरी, दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, लग्न राहून गेलं. जिथे जाईल तिथे लोकांना हा कधी एकदा जातोय असं होतं. खुर्ची देतात, चहा देतात, आणि घड्याळाकडे बघतात.

"इथे मात्र तुम्ही दोघंही रस्त्यावर येऊन उभे असायचा," तो म्हणाला. "मला उशीर झाला तर माणूस पाठवायचा. बाई, माझी वाट बघणारं दुसरं कोणी नाही."

"मी तुमची वाट बघत नव्हते," ती म्हणाली. "मी मंजुरीची वाट बघत होते."

"माहीत आहे. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तिचा आवाज चढला नव्हता, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होते. तिनं त्याला नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाची आठवण करून दिली. नवरा रोज विचारायचा, मंजुरी आली का. आणि त्याच दिवसांत हा त्याच्या उशाशी बसून त्याचा हात हातात घेऊन म्हणाला होता, पुढच्या खेपेला होईल.

"तेव्हा तुमच्या पेटीत झाकणं ओली होती का?" तिनं विचारलं.

तो खुर्चीत बसला. मान हलली, ती हो म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. तो रडत होता, आवाज न करता. एकट्या राहणाऱ्या माणसांना आवाज करून रडायची सवय राहत नाही. मला त्याची दया आली. तिला आली असेल तर तिनं ती दाखवली नाही, आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळानं त्यानं आपण होऊन कागद मागितला. वरिष्ठांना सगळं लिहून दिलं, चारही नमुने रद्द धरावेत, दुसरा अधिकारी पाठवून योजना बंद व्हायच्या आत नवा नमुना घ्यावा. नोकरी जाणार हे त्याला माहीत होतं. लिहिताना अक्षर मात्र जराही हललं नाही. सही करून तो उठला, दारापाशी गेला आणि तिथे क्षणभर थांबला. ती त्याला काही म्हणेल असं त्याला वाटलं असावं. तिनं बरणी उचलून कपाटात ठेवली. तो गेल्यावर मास्तरनं डोकावून विचारलं की इंजिन बंद करायचं का, आणि ती म्हणाली, कशाला, चालू दे.

७

संध्याकाळच्या गाडीला ती मला सोडायला आली. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. मला तिला जे सांगायचं होतं ते सगळं निरीक्षक आधीच बोलून गेला होता, आणि त्याचं काय झालं ते मी बघितलं होतं.

"काही काम निघालं तर कळव," मी म्हणालो.

"आता कसलं काम निघणार? दुसरा माणूस येईल, कोरड्या झाकणात नमुना घेईल, होईल ते होईल."

"तरी पण."

ती हसली. खूप दिवसांनी हसत असावी, कारण मध्येच थांबली.

"शंकासुरा, तू आयुष्यभर काहीतरी काम काढूनच आलास," ती म्हणाली. "लग्नाला आलास तर मांडवाचं वायरिंग बघत बसलास. ते गेले तेव्हा विम्याचे कागद घेऊन बसलास. तुला यायचं असतं की काम करायचं असतं?"

गाडीचे दिवे लांबून दिसायला लागले होते. आता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही हे मला कळत होतं. आणि त्या माणसासारखं दुसऱ्याच्या अडचणीत आपली जागा शोधत फिरणं मला आता नको होतं.

"यायचं असतं," मी म्हणालो. "तू कॉलेजात होतीस तेव्हापासून. काम नुसतं हातात धरायला असतं."

तिनं मान खाली घातली. गाडी येऊन थांबली, कंडक्टर आमच्याकडे बघायला लागला. मला वाटलं झालं, आपण सगळं घालवलं, आता हे गावही गेलं.

"एक सांगते," ती म्हणाली. "वाट बघायची ताकद माझ्यात आता उरलेली नाही. मंजुरीची बघितली, ह्यांच्या बरं होण्याची बघितली. मी कोणासाठी रस्त्यात उभी राहणार नाही. यायचं असेल तर दिवस सांग आणि त्या दिवशी ये."

"रविवारी," मी म्हणालो, आणि चढलो.

त्या आठवड्यात नवीन निरीक्षक आली. तरुण मुलगी, घाईत होती, चहाला नको म्हणाली आणि अर्ध्या तासात नमुना घेऊन गेली. लाज वाटली की सरकार भराभर चालतं. शनिवारी फोन आला. पास. मागे दीर मोठ्यानं काहीतरी बोलत होते, आता वहिनी इथून हलायची नाही म्हणून कुरकुरत होते, पण आवाज आनंदाचा होता. मी तिला विचारलं, मग उद्या येऊ का.

"सांगितलं होतंस ना येतो म्हणून?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी मी सकाळी पोचलो. फाटकापाशी कोणी नव्हतं, ऑफिसातही कोणी नव्हतं. इंजिनाच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज येत होता. मी आत गेलो. ती जमिनीवर आडवी होऊन इंजिनाखाली हात घालून काहीतरी सोडवत होती. कोपरापर्यंत काळं तेल. माझे बूट तिला दिसले असावेत.

"आलास?" ती वर न बघता म्हणाली. "हे धर."

मी खाली बसलो आणि धरलं.